छताच्या वर काय आहे?

दसरा जवळ आला की चंद्रपुरातल्या रंगाच्या दुकानांत छताचा विषय निघतोच. वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेनं पीओपी करून घेतलं, त्यांना आता ते नकोसं झालेलं असतं. पंख्याभोवती पाकळ्यांचं फूल, कडेनं वेलबुट्टीची पट्टी आणि मधल्या मोकळ्या जागेत रोलरनं उठवलेले खरबरीत दाणे. त्या काळी पाहुणा घरात शिरला की मान वर करून बघायचा. आज त्या दाण्यांत काळपट धूळ बसली आहे, पट्टीचा एक तुकडा निखळला आहे आणि मुलगी म्हणते आहे, ‘हे सगळं काढून सपाट करा ना बाबा.’ ठेकेदार तीन पर्याय सांगतो: खरवडून काढू, खाली नवं जिप्सम लावून जुनं झाकून टाकू, किंवा लांबी भरून सपाट करू. घरमालक तिन्हींचा दर विचारतो आणि त्यातला मधला निवडतो.

दर विचारण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो बहुतेक कुणी विचारत नाही. या छताच्या वर काय आहे? स्लॅब आहे, सिमेंटचे पत्रे आहेत, टिन आहे की कवेलू? चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत छत हा शोभेचा भाग फार उशिरा झाला. त्याआधी ते ऊन, पाऊस आणि वानरं यांच्याशी चाललेल्या भांडणाचा भाग होतं, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा काही वर्षी ४७ अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यात गडचिरोलीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत धो-धो कोसळतं. अशा ठिकाणी खालच्या बाजूनं छत देखणं करण्यावर पैसा घालायचा आणि वरून उष्णता आणि पाणी येतच राहायचं, हा व्यवहार मला पटत नाही. तरी तोच सर्रास होतो, म्हणून हा आढावा.

आधी पीओपी, कारण प्रश्न तिथूनच निघाला. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. राजस्थानातून येणारा हा दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं, आणि पावडरीत पुन्हा पाणी घातलं की काही मिनिटांत तो घट्ट होतो. आपल्याकडचे कारागीर त्यात बळकटीसाठी काथ्या घालतात. या पदार्थात विषारी असं काही नाही. त्याचे शत्रू दोन: पाणी आणि धूळ. पाणी लागलं की तो फुगतो, पिवळा पडतो आणि एके दिवशी ओंजळभर तुकडा पानात पडतो.

धुळीचं गणित मात्र चंद्रपूरचं खास आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथं आलं होतं. अशा यादीत वरचा नंबर कुणालाच नको असतो. कोळशाच्या खुल्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, गडचांदूर-आवारपूरकडचे सिमेंट कारखाने आणि रस्त्यावरून अर्धवट झाकून धावणारे ट्रक यांची बारीक पूड दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या घरांत रोज येते. सपाट छतावरून ती कपड्यानं पुसता येते. दाणेदार छतावर प्रत्येक दाण्याच्या कडेला ती अडकते आणि ओलं फडकं फिरवलं की तिचं काजळ होतं. काही जुन्या वस्त्यांत कोळशाची शेगडी अजून पेटते, तिथं तर स्वयंपाकघराच्या छताचा मूळ रंग कोणता हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून या भागात खरबरीत छत काढून टाकण्याला फॅशनपेक्षा मोठं कारण आहे. दमा असलेलं माणूस घरात असेल तर ते कारण पुरेसं धरावं.

दुसरं खास प्रकरण कूलरचं. विदर्भात कूलर नसलेलं घर शोधावं लागेल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याचं पाणी हवेत विरून जातं, खिडकी उघडी असली की छताला काही होत नाही. बिघडतं ते जूनच्या अखेरीस. पाऊस सुरू झालेला, उकाडा गेलेला नाही, कूलर चालूच, दारं-खिडक्या डासांमुळे बंद. ती दमट हवा वर जाऊन पीओपीत मुरते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. लोकांना वाटतं स्लॅब गळतोय. गच्चीवर डांबर ओतून घेतात, बुरशी पुढच्या वर्षी पुन्हा हजर. डाग भिंतीला धरून कोपऱ्यात आणि काळा असेल तर आधी हवेचा मार्ग बघा. डाग मध्येच आणि कडेला पिवळट-तपकिरी वळं असलेला असेल, तर पाणी खरंच वरून येतं आहे.

आता करायचं काय? छताला मुठीनं टोकून पाहावं. टणक आवाज आला तर पीओपी धरून आहे. मग दाण्यांची टोकं पॉलिश पेपरनं मारून, प्रायमर लावून, लांबीचे दोन हात भरले की छत सपाट होतं. हाच सगळ्यांत स्वस्त आणि बहुतेक घरांना पुरेसा उपाय आहे, आणि ठेकेदार तो सगळ्यांत शेवटी सांगतो. फक्त जुना डिस्टेंपर असेल तर तो धुऊन-खरवडून काढल्याशिवाय लांबी धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. बद्द आवाज येत असेल तर तेवढा भाग खाली आणलाच पाहिजे. त्याला झाकायचं म्हणजे सुटलेलं वजन डोक्यावर लटकत ठेवून त्याच्याखाली नवं लटकवायचं. खरवडताना पाणी मारत राहावं, नाका-तोंडावर चांगला मास्क असावा, साधा रुमाल पुरत नाही. जुन्या लाकडी तक्तपोशीवर तेलरंगाचे थर असतील तर ते घासूच नयेत. घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपुरतं मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या तेलरंगात किती शिसं आहे हे डब्यावर वाचून कळत नसे. अशा तक्तपोशीवर नवा हात मारावा आणि सोडून द्यावं.

झाकण्याच्या पर्यायाबद्दल माझा आक्षेप आणखी एक आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातले स्लॅब आता तिशी-चाळिशीत आले आहेत. आतली सळई गंजली की ती फुगते आणि खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सोडते. ही गोष्ट उघड्या छतावर आधी दिसते: सळईच्या रेषेत तडा, मग तपकिरी ओघळ. खोटं छत लावलं की हे दिसणं बंद होतं, गंजणं चालूच राहतं. जुन्या घरात जिप्सम लावायचंच असेल तर आधी स्लॅबचं प्लास्टर उघडं करून बघावं, सळई साफ करून दुरुस्ती करावी, आणि मगच पट्ट्या ठोकाव्यात. पंखा नेहमी स्लॅबच्या हुकालाच टांगावा. हे सांगायची गरज पडू नये, पण बोर्डाच्या चौकटीला पंखा अडकवलेला मी पाहिला आहे.

इथे थोडं परदेशात जाऊ, कारण इंटरनेटवर या विषयाचं बहुतेक लिखाण तिकडचं आहे आणि ते वाचून इथले लोक नको तिथे घाबरतात आणि हवं तिथे घाबरत नाहीत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या छतांवर दाणेदार लगदा फवारायची पद्धत पडली. तिला तिकडे पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात. काम झपाट्यानं व्हायचं, छताची वाकडी-तिकडी बाजू लपायची, आवाजही थोडा कमी घुमायचा. त्या लगद्यात पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत. १९७८ मध्ये अशा फवारणीवर तिथं बंदी आली, तरी दुकानांत उरलेला माल त्यानंतरही काही काळ वापरला गेला. ब्रिटनमध्ये आर्टेक्स नावाच्या पंख्यासारख्या नक्षीच्या लेपाची हीच कथा, तिथं पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं. न्यू जर्सीत किंवा लेस्टरमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला म्हणून पहिला सल्ला मिळतो तो छताला हात न लावण्याचा. आधी तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा, अ‍ॅस्बेस्टॉस निघालं आणि छत धड असलं तर तसंच ठेवायचं किंवा वरून बंद करायचं, काढायचं तर परवानाधारक माणसाकडूनच.

आपल्या पीओपीला हा इतिहास नाही. तो फवारलेला लगदा नाही, जिप्सम आणि काथ्या आहे. पण म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस आपल्या डोक्यावर नाही असं मात्र नाही. ते तिकडच्यापेक्षा उघडं आणि मुबलक आहे, फक्त आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो.

बल्लारपूरच्या कागद कारखान्याभोवतीच्या वस्त्या, राजुरा-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यातल्या चाळी, खेड्यातले गोठे, जुन्या शाळांच्या पडव्या, हातगाडीवाल्यांची घरं: सिमेंटचा पन्हळी पत्रा कुठे नाही? तो टिनापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, पावसात कमी वाजतो आणि स्वस्त असतो. या चार गुणांनी त्यानं अर्धा विदर्भ झाकला. त्यात साधारण आठ-दहा टक्के पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस असतं. बाकी मुख्यतः सिमेंट. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोवर धोका कमी. पत्रा फुटला, त्याला भोक पाडलं, ग्राइंडरनं कापला, किंवा वीस-तीस पावसाळ्यांनी त्याचा वरचा थर खाऊन टाकला, की तंतू मोकळे होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथून निघत नाहीत. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो तो वीस ते चाळीस वर्षांनी. एवढ्या उशिरा येणाऱ्या आजाराचं बोट कुणी छताकडे दाखवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सगळ्या प्रकारचं अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक मानते. युरोपीय संघानं २००५ मध्ये ते बंद केलं, अमेरिकेनं पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरची बंदी मार्च २०२४ मध्ये जाहीर केली. आपल्याकडे देशातल्या खाणी थांबल्या, पण रशिया-कझाकस्तानातून आयात चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात कामगारांच्या बाजूनं मोठा निकाल दिला. त्यांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितल्या, विम्याचं कवच द्यायला सांगितलं. २०११ मध्ये मात्र सरसकट बंदीची मागणी न्यायालयानं मान्य केली नाही. म्हणजे कारखान्यातल्या कामगाराचा विचार कागदावर तरी झाला. त्या पत्र्याखाली झोपणाऱ्याचा आणि तो पत्रा फोडणाऱ्या रोजंदारीवाल्याचा झाला नाही.

व्यवहार असा दिसतो. पत्रा जुना झाला, शेवाळ धरलं, घरमालक कुणाला तरी सांगतो, ‘घासून काढ अन् रंग मार.’ तो तारेचा ब्रश घेऊन वर चढतो. घासलेली सगळी पूड अंगणात, विहिरीत, वाळत घातलेल्या तांदळावर. किंवा खालून खोटं छत लावायचं म्हणून कारागीर थेट पत्र्यालाच ड्रिल मारतो, आणि पांढरी पूड त्याच्या तोंडावर पडते. किंवा नवं टिन आलं म्हणून जुने पत्रे वरून खाली फेकले जातात, तुकडे नाल्यावर झाकण म्हणून, चुलीमागे आडोसा म्हणून, अंगणात चिखल होऊ नये म्हणून पसरले जातात. चुलीमागचा तुकडा तापून तडकतो आणि तिथं रोज झाडू फिरतो. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत हा कचरा घातक आहे. कुरखेड्याच्या किंवा गोंडपिपरीच्या घरमालकानं तो नेऊन द्यायचा कुठे, याची सोय त्याच्या गावात नाही.

तेव्हा सिमेंटच्या पत्र्याचं छत असेल तर माझं मत ठाम आहे. पत्रा धड असेल तर त्याला खरवडू नका, भोक पाडू नका, जोराच्या पाण्यानं धुऊ नका. शेवाळ ओलं करून हलक्या हातानं काढा आणि वरून पांढरा रंग द्या. खाली छत करायचं असेल तर चौकट भिंतींना बसवा, पत्र्याला आणि त्याच्या हुकांना हात लावू नका. पत्रा तडकला असेल तर बदला. बदलताना आधी पाण्यानं भिजवा, हुकाचे नट सोडवून अख्खा पत्रा दोन माणसांनी हातावर खाली उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा. आणि वर चढताना पत्र्यावर पाय देऊ नका, फळी टाकून तिच्यावर चाला. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही आणि मोडण्याआधी करकरतही नाही. नवा पत्रा घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा मिळतो का हे विचारावं. तो महाग पडतो, पण मिळतो.

आता कवेलू, म्हणजे मातीची कौलं. जुन्या चांदा जिल्ह्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, छत म्हणजे कवेलूच. सागाची मयाल, बांबूचे फाटे, त्यावर कमचा आणि वर गावठी नळीचे कवेलू. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळूरला सपाट खाचेच्या कौलांचा कारखाना काढला. ती कौलं पुढे सगळीकडे पोचली, आपल्याकडे त्यांना इंग्रजी कवेलू म्हणतात. गावठी कवेलूचं छत उन्हाळ्यात कमालीचं चांगलं काम करतं. दोन थरांत हवा असते, फटींतून वरची गरम हवा निघून जाते, मातीचा थर हळू तापतो. आमच्या भागात मे महिन्यात कवेलूच्या घरात दुपारी झोप लागते आणि शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात रात्री बारापर्यंत लागत नाही, हे सांगायला कुठल्या यंत्राची गरज पडत नाही.

मग लोकांनी कवेलू का टाकले? पहिलं कारण वानरं. ताडोब्याच्या आजूबाजूला, नागभीड-सिंदेवाहीत, गडचिरोलीत सगळीकडे वानरांच्या टोळ्या गावात उतरतात आणि एका घरावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. एका सकाळी शंभर-दोनशे कवेलू फुटले तर ते पुन्हा बसवायचे कुणी आणि कुठून आणायचे? कवेलू थापणारी कुंभारांची घरं कमी झाली, दरवर्षी मृगाआधी कवेलू फेरायला येणारे हात आता हंगामात तेंदूपत्त्याला, एरवी हैदराबादेला जातात. बांबूच्या कमचांना उधई लागते. या सगळ्याला एक उत्तर: टिन. घरकुल योजनेनं आणखी एक उत्तर दिलं, स्लॅब. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार, डोंगरी आणि नक्षलग्रस्त भागात एक लाख तीस हजार मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. या पैशात पक्कं छत म्हणजे स्लॅब एवढंच लाभार्थ्याच्या डोक्यात बसलं आहे.

टिनाखाली छत ही खरी नवी बाजारपेठ आहे आणि इथंच सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो. टिन मे महिन्यात साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं आणि खाली उष्णता फेकतं. त्याच्या थेट खाली माणसं थर्माकोलच्या चौकोनी फरशा लावतात. थर्माकोल उष्णता अडवतो हे खरं, पण तो ऐंशीच्या पलीकडे मऊ पडायला लागतो, आणि वायरची एक ठिणगी त्याला पुरते. जळताना तो वितळून थेंबाथेंबानं खाली पडतो. ज्या घरात चूल आहे, दिवा लावायचं देवघर आहे, उघड्या वायरिंगवर टेप गुंडाळलेली आहे, तिथं मी थर्माकोल लावू देणार नाही. पीव्हीसीच्या पट्ट्या पाण्याला घाबरत नाहीत आणि पुसता येतात, म्हणून न्हाणीघर-स्वयंपाकघरात ठीक. पण टिनाला चिकटून लावल्या तर दोन उन्हाळ्यांत त्या झोळ पडल्यासारख्या वाकतात. टिन आणि छत यांच्यात किमान फूटभर पोकळी हवी आणि त्या पोकळीतली गरम हवा बाहेर जायला दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळीची खिडकी हवी. खिडकी नसेल तर ती पोकळी दुपारभर भट्टी होते आणि रात्री ती उष्णता खाली सोडते. पोकळीच्या वरच्या अंगाला, टिनाच्या लगेच खाली, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची बबल शीट ताणली तर निम्मं काम तिथंच होतं. ही शीट गोदामांसाठी विकली जाते. घरात ती लावायचं कुणाच्या मनात येत नाही.

जाळी का, तर आत येणाऱ्यांसाठी. जंगलाला लागून घर असलं की खोट्या छतावर उंदीर, खारी, वटवाघळं आणि त्यांच्या मागून साप येतो. उदमांजरानं छतावर पिल्लं घातल्याची गोष्ट आल्लापल्ली-मुलचेरा भागात कुणीही सांगेल. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून छतावरची वायर मोकळी टाकू नये, पाइपातूनच न्यावी. एका कोपऱ्यात माणूस डोकावू शकेल एवढं झाकण ठेवावं. बहुतेक कारागीर ते ठेवत नाहीत, दिसायला बरं नाही म्हणून.

बांबूचे तट्टे हा पर्याय मला मनापासून आवडतो, पण त्याच्याबद्दल भाबडेपणानं लिहिलं जातं, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. गडचिरोलीत बांबू आहे, बुरडांचे हात आहेत, मेंढा-लेखासारख्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून स्वतः बांबू विकला आहे, चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र उभं आहे. कच्चा माल आणि कौशल्य दोन्ही जवळ. टिनाखाली तट्ट्यांचं छत उष्णता अडवतं, हवा जाऊ देतं, खरवडावं लागत नाही, बिघडलं तर एक तट्टा बदलता येतो. पण बांबू कोवळा कापला, भिजत ठेवला नाही आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवला नाही, तर दीड-दोन वर्षांत भुंगा लागून छतातून पिवळी भुकटी गादीवर पडते. शिवाय तो जळतो. तेव्हा चुलीच्या खोलीत नको आणि बिनप्रक्रियेचा कुठेच नको. सागाच्या तक्तपोशीबद्दल लिहायचं म्हटलं तर बल्लारशाच्या डेपोतला साग २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी समारंभानं रवाना झाला. स्थानिक माणसाला आपल्या बैठकीच्या छतासाठी तो परवडत नाही, एवढं सांगितलं की पुरे. ज्यांच्या वाड्यात जुन्या सागाच्या फळ्या शाबूत आहेत त्यांनी त्यावर पीओपी मारण्याचा मोह आवरावा. त्यांना फक्त मेण किंवा तेलाची गरज असते.

स्लॅबच्या घरात खालचं छत हा जवळजवळ नेहमीच चुकीचा पहिला खर्च असतो. ऊन स्लॅबच्या वर पडतं, तिथंच ते परतवलं पाहिजे. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात किंवा पांढरा परावर्तक रंग दिला तर खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवली. प्राणहिता नदी ओलांडली की तेलंगण लागतं. त्या राज्यानं २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. सिरोंच्याच्या माणसाला पलीकडच्या काठावरची गोष्ट माहीत असते, चंद्रपूरच्या महापालिकेच्या कानावर ती अजून पुरेशी गेलेली नाही. एक अडचण खास इथली आहे. कोळशाच्या पुडीनं पांढरी गच्ची दोन महिन्यांत राखाडी होते आणि परतवायची ताकद उतरते. म्हणून होळीनंतर एकदा रंग आणि एप्रिलअखेर एकदा पाण्यानं धुणं, असं ठरवूनच करावं लागतं. तरीही हा खर्च बोर्डाच्या छतापेक्षा बराच कमी आहे.

खाणींजवळ राहणाऱ्यांसाठी वेगळा मुद्दा. घुग्घुस, सास्ती, पद्मापूर, दुर्गापूर भागात दुपारच्या सुरुंगानं भांडी वाजतात. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात २६ ऑगस्ट २०२२ रोजी जुन्या भूमिगत खाणीवरचं एक अख्खं घर जमिनीत गेलं. अशा घरात छत शक्य तितकं हलकं असावं. काथ्याच्या पीओपीपेक्षा साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड बरा, तो चौरस मीटरला आठ-नऊ किलोच भरतो आणि लोखंडी पट्टीला स्क्रूनं धरलेला असतो. सांध्यांना जाळीची टेप हवीच, नाहीतर प्रत्येक सुरुंगानंतर केसासारखी रेघ दिसते. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूला ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा सिरोंचा-अहेरीपासून चंद्रपूरपर्यंत घरं हलली. त्या धक्क्यानंतर तरी डोक्यावर जड वेलबुट्टी टांगण्याची हौस ओसरायला हवी होती.

आणि ज्यांचं घर स्वतःचं नाही त्यांचं काय? कोळसा खाणींच्या, ऊर्जानगरच्या, वनखात्याच्या, शिक्षकांच्या क्वार्टरमधली कुटुंबं अशा आढाव्यांत सहसा येत नाहीत. त्यांना छत बदलता येत नाही, अर्ज करता येतो. त्यांच्यासाठी जुन्या बंगल्यांतली एक पद्धत पुन्हा आठवावी अशी आहे. तिथं कवेलूखाली जाड मांजरपाट ताणून त्याला चुन्याचा हात देत. धूळ, पालीची विष्ठा, कवेलूचा कचरा वरच अडायचा, दरवर्षी कापड काढून धुतलं जायचं. आज त्या जागी साधं सुती कापड भिंतीच्या खिळ्यांवर ताणलं तरी सिमेंटच्या पत्र्याखालची खोली राहण्याजोगी होते. बदली झाली की कापड गुंडाळून न्यायचं.

उंचीचा हिशेब घरकुलाच्या खोलीत विसरू नये. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंची सांगते. दहा फुटी स्लॅबखाली बोर्डानं सात-आठ इंच खाल्ले, वर पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली, की उंच माणसानं गादीवर उभं राहून मच्छरदाणी बांधायची पंचाईत. पंखा छताला चिकटला तर वरची गरम हवाच फिरवत राहतो.

हे काम कधी काढायचं? दिवाळीच्या तोंडावर मजूर मिळत नाही, मिळाला तर घाईत ओल्या छतावर रंग मारून जातो. आधी एक पावसाळा काढावा. गळतीचा डाग दिसला की त्याची कड पेन्सिलीनं आखून बाजूला तारीख लिहावी, पुढच्या पावसानंतर पुन्हा आखावी. ऑगस्टपर्यंत छतच सांगतं, पाणी कुठून येतं आणि कुठवर पोचतं. मग वरचं काम नोव्हेंबरात, स्लॅब कोरडा ठणठणीत झाल्यावर खालचं जानेवारीत. ठेकेदार नोव्हेंबरात म्हणेल की दोन्ही एकदमच करून टाकू, तेव्हा त्याला फक्त वरचा हिशेब करायला सांगावं.